गाणारीचं नाव आधी : खानदेश विशेषांकाच्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२४

पहिली बैठक तास संपल्यावर मराठीच्या वर्गातच झाली. सात जण आलो. दोघी लेवा गणबोली बोलणाऱ्या, तिघं अहिराणीवाले, धडगावचा एक पावरी ही आदिवासी भाषा बोलणारा आणि जळगाव शहरातला एक, ज्याच्या घरी प्रमाण मराठीच चालते. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेला साहित्याचा अंक आणि विषय एकच, खानदेश. नावावर वेळ घालवला नाही. मजकूर हातात आल्याशिवाय नाव सुचत नाही.

खानदेश नेमका कुठपर्यंत, हे मात्र आधी ठरवावं लागलं. आमच्या जळगावच्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून वेगळा निघाला. पण अहिराणी सटाणा, मालेगाव, कळवण, देवळा इथेही बोलतात आणि ते सगळे तालुके नाशिक जिल्ह्यात, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाकडे. लेवा गणबोली बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत जाते. सुरतेत उधना आणि लिंबायत भागात तर कामासाठी गेलेल्या खानदेशी माणसांच्या वस्त्याच आहेत. तेव्हा ठरलं असं : संपादक विद्यापीठाचे, लेखक बोलीच्या मुलखातला कुणीही.

९६ पानं, म्हणजे सोळा पानांचे सहा फर्मे. ५०० प्रती. वर्गणी, थोड्या जाहिराती आणि विभागाकडून कागदाची मदत, असा हिशोब मांडलाय. नियतकालिक म्हणून दरवर्षी काढायचं तर नोंदणीचा प्रश्न येतो. १८६७चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नवा लागू झालाय. यंदा एकच विशेषांक, खासगी वितरणासाठी.

१९ जुलै

आठवडाभर ग्रंथालयात जुने वार्षिकांक चाळत होतो. निरनिराळ्या महाविद्यालयांचे, निरनिराळ्या वर्षांचे. रचना बहुतेकांची सारखीच. अहवाल, छायाचित्रं, मग मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग आणि अगदी शेवटी दोन-चार पानांचं लोकसाहित्य. तिथे कानबाई या देवीची गाणी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरची गाणी, जात्यावरच्या ओव्या. आणि खाली एक ओळ : संकलन, मग विद्यार्थ्याचं नाव, मग वर्ग.

ज्या बाईनं ते गाणं म्हटलं तिचं नाव नाही. गाव नाही. एखाद्याच अंकात ‘माझ्या आजीकडून’ एवढा उल्लेख सापडला. ज्या मुलीनं ते लिहून घेतलं तिनं प्रेमानंच लिहून घेतलंय, यात शंका नाही. साचाच तसा होता. कविता लिहिणारा कवी आणि गाणं सांगणारी ‘माहिती देणारी’.

माझ्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट पक्की झालीये. या अंकात बोलीविभाग नसेल. अहिराणीतली कथा कथेशेजारी येईल, गाणं कवितेशेजारी. आणि अनुक्रमणिकेत लेखकाच्या जागी गाणारीचं नाव येईल. लिहून घेणाऱ्याचं नाव मजकुराच्या शेवटी, बारीक अक्षरात.

२६ जुलै

बैठक लांबली. माझ्या सूचनेवर दोन आक्षेप आले आणि दोन्ही वजनदार होते.

पहिला यावलच्या मैत्रिणीचा. परंपरेतलं गाणं एका बाईचं कसं? तेच गाणं शेजारच्या गावात दुसरी म्हणते. एकीला लेखिका म्हणायचं तर दुसरीवर अन्याय. दुसरा आक्षेप जळगावच्या मित्राचा. लिहून घेणं हेही काम आहे. रात्रभर जागून, ध्वनिमुद्रण दहा-दहा वेळा ऐकून जो ओळ लावतो त्याचं श्रेय कुठे गेलं?

मी धुळ्याच्या तुरुंगाचं उदाहरण दिलं. १९३२ साली विनोबा भावे तिथे शिक्षा भोगत होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, त्यांनी ती प्रवचनं लिहून घेतली. विनोबांनी पुस्तक लिहायला म्हणून लेखणी हातात घेतली नव्हती. तरी ‘गीता प्रवचने’ विनोबांचीच. सगळा महाराष्ट्र तसंच म्हणतो आणि बरोबरच म्हणतो. त्यानं गुरुजींचं काम लहान झालं नाही; ते नसते तर शब्द हवेत विरले असते हे सगळे जाणतात. बोलणारा लेखक आणि लिहून घेणारा लिहून घेणारा, ही वाटणी आपल्याच मुलखात, धुळ्यातच झालेली आहे. ती पुरुषाच्या प्रवचनाला लागू होते, तर साक्रीच्या म्हातारीच्या गाण्याला का नाही?

परंपरेच्या आक्षेपाचं उत्तर एवढं सोपं नव्हतं. विभागातल्या मॅडम म्हणाल्या, ‘कायदासुद्धा वाचा.’ प्रताधिकार कायद्याच्या ३८व्या कलमात सादर करणाऱ्याचा हक्क वेगळा सांगितलाय, पन्नास वर्षांचा. गाणं कुणाचंही असो, त्या दिवशी त्या बाईनं ते जसं म्हटलं, ते म्हणणं तिचं. मॅडमनी जात्यावरच्या ओव्यांच्या मोठ्या संग्रहाचीही आठवण करून दिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या संग्रहात ओवीशेजारी गाणारीचं नाव आणि गाव असतं. एवढ्या प्रचंड कामात त्यांना नावं सांभाळता आली. आमच्याकडे तर मूठभर गाणी.

शेवटी ठरलेली पद्धत : नावाखाली गाव, आणि गाणं कुणाकडून शिकली तेही, ती सांगेल तितकं मागपर्यंत. म्हणजे एकीचं नाव छापताना तिच्या मागच्या बायकाही पानावर येतील.

१३ ऑगस्ट

कानबाईहून परत आलो. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, यंदा ११ तारखेला आला. साक्री तालुक्यातलं आमच्याच मित्राचं गाव. सव्वा मापानं निवडून दळलेल्या गव्हाचे रोट, पुरणपोळी, खीर, आणि कानबाईची स्थापना. रोट भाऊबंदांतच खायचे असतात, त्यामुळे आम्ही दोघं ओसरीवर वेगळे जेवलो आणि त्यात कुणालाच अवघड वाटलं नाही. रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर विसर्जन.

ध्वनिमुद्रणाआधी प्रत्येकीला विचारलं : गाणं छापू का, नाव छापू का, नाव कसं छापू. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरला. एका मावशींनी माहेरचं नाव लावायला सांगितलं, कारण गाणी माहेरची. एकीनं स्वतःचं नाव नको, मुलाची माय म्हणून लिहा, असं सांगितलं, तसंच लिहिणार. आणि गावातल्या सगळ्यांत जुन्या गाणाऱ्या आजी म्हणाल्या, ‘मन्ही सासूनं गानं शे, मन्हं नई.’ सासूचं नाव विचारलं तर लगेच सांगितलं, माहेरच्या गावासकट. त्या गाण्यावर आता दोन्ही नावं येतील, सासूचं वर.

त्या सासूबाई वारून कितीतरी वर्षं झाली असतील. त्यांचं नाव यापूर्वी कुठे छापलं गेलं असेल तर ते मतदारयादीत. माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकल्पाचं मोल या एका ओळीत वसूल झालं.

पहाटे तीनच्या पुढची गाणी वेगळी असतात, हेही लक्षात आलं. आधीची देवीची, तिच्या रूपाची, लग्नाची. रात्र चढली की बायका स्वतःचं घालू लागतात. कर्ज, पाऊस, सुरतेला गेलेला मुलगा. चाल तीच, ओळ नवी. एकीनं म्हटलेल्या ओळीवर दुसरी हसते आणि पुढची ओळ लावते. परंपरेतलं गाणं कुणा एकीचं नसतं हे खरं, पण त्या रात्री ते तिथल्या बायकांचं असतं, आणि त्यांना नावं असतात.

२४ ऑगस्ट

आज बहिणाबाईंचा जन्मदिवस. १८८०, असोदे. आमचं विद्यापीठ २०१८पासून त्यांच्या नावाचं आहे.

संपादकीयासाठी टिपण : त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर ओव्या सुचायच्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी त्या उतरवून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. वहीतली गाणी आचार्य अत्र्यांच्या नजरेला पडली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. मुखपृष्ठावर बहिणाबाईंचं नाव. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. त्यांनी ‘संकलन : सोपानदेव चौधरी’ असं छापलं असतं, तर आज आपण काय वाचत असतो आणि कुणाचं म्हणून वाचत असतो?

मित्राच्या आक्षेपाचं उरलेलं उत्तर इथे आहे. लिहून घेणाऱ्याचा मोठेपणा त्यानं नाव कुठे लिहिलं यावर ठरतो.

१३ सप्टेंबर

लेखनाचे नियम. सबंध दिवस यात गेला आणि तो जायलाच हवा होता.

आतापर्यंत आलेल्या मजकुरात एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिलेला आहे. माझं या अर्थी कुणी मन्हं लिहितं, कुणी मन्ह, कुणी मना. आहे या अर्थी धुळ्याकडे शे, तर काही गावांत से. काळा तो काया, डोळा तो डोया. पण काही मुलांनी शाळेच्या सवयीनं ळ तसाच ठेवलाय आणि वाचताना मात्र य वाचतात. फोनच्या कीबोर्डनं वेगळीच भर घातलीये. तो जमेल तिथे प्रमाण शब्द सुचवतो आणि घाईत तोच बसतो.

एक मत होतं, सगळं एकसारखं करू. वाचकाला सोपं जाईल. मी याच्या विरोधात होतो आणि आहे. साक्रीची अहिराणी आणि चाळीसगावची अहिराणी एक करायला आम्ही कोण? प्रमाण मराठीनं बोलींना जे केलं तेच आम्ही एका बोलीच्या नावानं दुसऱ्या गावाला करू. पण दुसरं टोकही नको. ‘बोलीच आहे, कसंही लिहा’ ही बेफिकिरी तर जास्त वाईट. बोलीला नियम नसतात असं मानणाऱ्यांनीच तिला शेवटच्या पानावर बसवलंय.

मधला मार्ग असा निघाला. एका मजकुरात एका शब्दाचं एकच रूप. ते रूप लेखकाच्या किंवा गाणारीच्या गावचं. उच्चारात य असेल तर य लिहायचा. शेवटचा लांबलेला अकार अनुस्वारानं दाखवायचा. न्ह, म्ह, ल्ह हे जोडाक्षर म्हणूनच, मधे तोडायचं नाही. अवतरणचिन्हं बोलीतल्या शब्दांना लावायची नाहीत, तिरपा टाइपही नाही. कथेत एखादं पात्र अहिराणी बोलत असेल तर ते सरळ अक्षरातच बोलेल, कारण तिरप्या टाइपात छापलं की ते घरी आलेल्या पाहुण्यासारखं दिसतं आणि घर तर त्याचंच आहे.

अर्थ द्यायचे का? अहिराणी आणि लेवा मजकुराला अडणाऱ्या शब्दांपुरती तळटीप. पावरी, मावची, देहवाली या आदिवासी भाषांतल्या मजकुराला समोरच्या पानावर पूर्ण मराठी. या भाषा मराठी वाचकाला कानानं लागत नाहीत, तिथे उगाच अभिमानाचा हट्ट नको.

२२ सप्टेंबर

यावल तालुक्यात गुलाबाई बसल्यात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज गाणी म्हणतात, मग डब्यातला खाऊ ओळखायचा. इथल्या गाणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या. पालकांना विचारून फक्त पहिली नावं घेतली. एकीनं आजीच्या गाण्यात स्वतःच्या शाळेचं कडवं जोडलंय. ते वगळायचं नाही असं दोघी लेवा संपादिकांनी मला आधीच बजावलं.

४ ऑक्टोबर

काल केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, असमिया आणि बांगलाबरोबर. विभागात पेढे वाटले गेले. आनंद मनापासूनचा होता, माझाही.

संध्याकाळच्या बैठकीत साहजिकच हाच विषय. अहिराणी मराठीची बोली की वेगळी भाषा? ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, मराठीच्या खंडात नाही, नवव्या खंडात भिल्ल भाषांसोबत आहे. २०११च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे आणि ती मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या अठरा लाखांच्या वर आहे. दुसरीकडे आमच्या अभ्यासक्रमात ती मराठीच्या बोलींत शिकवतात, आणि अहिराणीत लिहिणारे पुष्कळ जण स्वतःला मराठी लेखकच म्हणवतात.

हा वाद अंकात सोडवायचा नाही. मी स्वतः दोन्ही मानतो आणि मला त्यात अडचण वाटत नाही. पण एक गोष्ट अंकातून दिसायला हवी : मराठीचं वय दोन हजार वर्षांचं म्हणताना आपण गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहाचा दाखला देतो. त्या गाथा शेत, नदी, नांगर, सासर यांच्याच आहेत आणि त्यांतल्या कितीतरी बाईच्या तोंडच्या आहेत. गावच्या बाईचं गाणं ज्या भाषेला अभिजात ठरवतं, तिच्या अंकात गावच्या बाईला शेवटचं पान कसं देता येईल?

९ ऑक्टोबर

दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी तारा भवाळकर. लोकसाहित्याच्या अभ्यासक. बातमी वाचून यावलच्या मैत्रिणीनं थेट वर्गात टाळ्या वाजवल्या.

धडगावचा मित्र सातपुड्यातून परतला. इंदल या तिथल्या आदिवासी उत्सवाच्या रात्री गातात त्या गाण्यांसाठी तो त्याच्या आजोबांच्या वयाच्या एका जाणत्या गायकाकडे गेला होता. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की ती गाणी त्या रात्रीचीच. मधेच म्हणायची नसतात, कागदावर तर नाहीच. त्यानं नमस्कार केला आणि फोन खिशात ठेवला.

त्याला वाटत होतं आम्ही निराश होऊ. उलट मला हे फार मोलाचं वाटतं. नाव छापायचा हक्क मानला तर न छापू देण्याचाही मानावा लागतो. त्या गाण्यांची पानं आता त्याच्या स्वतःच्या लेखाला. पावरीत, समोर मराठी. आजोबांनी नाही म्हटलं त्या संध्याकाळबद्दल.

त्यानं वाहरू सोनवणे यांच्या कवितांवरही लिहायचं कबूल केलंय. शहाद्याकडचा हा भिल्ल कवी. भिलोरीत आणि मराठीत लिहिणारा. व्यासपीठावर बसून आदिवासींचं दुःख सांगणारे दुसरेच आणि आदिवासी खाली ऐकत उभे, हे त्यांनी कवितेत किती तरी आधी मांडून ठेवलंय. अनुक्रमणिकेचा आमचा सगळा खटाटोप त्याच गोष्टीसाठी आहे.

६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत या अंकातला सर्वोत्तम गद्य मजकूर मिळाला, असं माझं ठाम मत.

अहिराणी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, गाणं आणि विनोद. यूट्यूबवर अहिराणी गाणी लग्नाच्या हळदीत वाजतात, विनोदी व्हिडिओ लाखोंनी बघतात. मालेगावच्या कलावंतांनी खानदेशी विनोदाला मोठा प्रेक्षक मिळवून दिला. हे सगळं हवंच आहे. पण अहिराणीत विचार मांडणारा निबंध किती जणांनी वाचलाय? आमच्या आवाहनावर अहिराणी कविता भरपूर आल्या, लेख एकही नव्हता. मराठीत एम. ए. करणारी अहिराणीभाषक मुलंसुद्धा लेख प्रमाण मराठीतच लिहून आणत होती. विचारलं तर म्हणायची, ‘लेख आहे ना, म्हणून.’

भाऊबीजेला अमळनेर तालुक्यात गेलो तेव्हा मित्राचे चुलत भाऊ सुरतेहून आले होते. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. शिक्षण दहावीपर्यंत. त्यांना म्हटलं, दादा, मागाबद्दल लिहा, जसं बोलता तसं. त्यांनी तीन दिवसांत वही भरून दिली. मागाचा आवाज, त्या आवाजात ओठ वाचायची सवय, एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपणारे लोक, ओडिया आणि भोजपुरी बोलणाऱ्या कामगारांशी होणारं मिश्र बोलणं, आणि गावी आल्यावर आईला वाटणारी काळजी की हा इतका मोठ्यानं का बोलतो. मजुरीचा हिशोब मीटरप्रमाणे मांडलाय. सगळं अहिराणीत, आणि कुठेही हसवायचा प्रयत्न नाही.

एकही वाक्य बदलायचं नाही. फक्त परिच्छेद पाडायचे, तेही त्यांना विचारून. अंकात पहिलं पान याचं, संपादकीयाच्याही आधी.

१८ नोव्हेंबर

परवा विधानसभेचं मतदान. निम्मे जण गावी. काम बंद.

३० नोव्हेंबर

मांडणी सुरू. मजकूर तीन प्रकारांत आला आहे : युनिकोड, जुने श्रीलिपी-कृतिदेवसारखे फॉन्ट, आणि हाताने लिहिलेल्या वह्या. जुन्या फॉन्टमधून बदलताना न्ह, ल्ह आणि अनुस्वार यांचीच जास्त मोडतोड होते, म्हणजे नेमकं बोलीचं जे वेगळेपण तेच बिघडतं. म्हणून ठरवलं, बदललेल्या फाइलवर भरवसा ठेवायचा नाही. बोलीतला मजकूर मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून बघायचा. छापखान्यातले मांडणी करणारे भाऊ स्वतः पारोळ्याकडचे. पहिल्या दिवशी त्यांनी दोन पानं लावली आणि मग थांबून मोठ्यानं वाचायला लागले. तिथून पुढे चुका तेच शोधून देतायत.

पानं ९६ची ११२ झाली. सातवा फर्मा. जाहिरातीची दोन पानं आणखी मिळवली की जमेल. मुखपृष्ठाला रंगीत छायाचित्र नको, नुसती अक्षरं : सगळ्या लेखकांची आणि गाणाऱ्यांची नावं, गावांसकट, एकाच आकारात. कापसाचं बोंड, केळीचा घड किंवा घागर घेतलेली बाई टाकायची सूचना होती. सगळ्यांनी मिळून नाकारली.

१५ डिसेंबर

प्रूफं वाचून दाखवायला गावोगाव गेलो. छापील मजकूर वाचता न येणाऱ्या लेखिकेला प्रूफ दाखवायचं म्हणजे ऐकवायचं, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. जिथे जाणं जमलं नाही तिथे फोनवरून.

याचा उपयोग अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त झाला. साक्रीच्या आजींनी एका ओळीवर थांबवलं. ध्वनिमुद्रणात जे ऐकू येत होतं तेच आम्ही लिहिलं होतं. पण त्या म्हणाल्या, त्या रात्री घसा बसला होता, शब्द दुसरा आहे. बदलला. माहेरचं नाव लावणाऱ्या मावशींनी गाण्याचं एक कडवं काढून टाकायला सांगितलं, जावेला लागेल म्हणून. काढलं. दुसऱ्या एका बाईंनी उलट दोन ओळी वाढवल्या, कारण मधल्या काळात त्यांना त्या आठवल्या होत्या. लेखक प्रुफात जे जे करतो ते सगळं त्यांनी केलं. कुणी शिकवावं लागलं नाही.

यानंतर ‘माहिती देणारी’ हा शब्द आमच्यापैकी कुणी वापरेल असं वाटत नाही.

२४ डिसेंबर

साने गुरुजींची १२५वी जयंती. अमळनेरच्या शाळेत शिकवत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे, आणि १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. विद्यार्थ्यांच्या अंकाची खानदेशातली वाट इतकी जुनी आहे. शेवटच्या पानावर याबद्दल चार ओळी टाकल्या. आज अंतिम फाइल छापखान्यात गेली.

११ जानेवारी २०२५

अंक आला. बांधणी चांगली, कागद ठरला होता तोच, शाई दोन फर्म्यांत थोडी फिकी पण वाचायला अडचण नाही.

वाटपाचा क्रम आधीच लिहून ठेवला होता आणि तो मोडला नाही. पहिल्या प्रती गाणाऱ्यांना आणि लेखकांना, प्रत्येकी दोन. मग त्यांच्या गावच्या शाळांना आणि वाचनालयांना. मग तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांची ग्रंथालयं, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, सटाणा-मालेगावकडची दोन वाचनालयं. मग विद्यापीठातले मान्यवर. प्रकाशन समारंभ साक्रीजवळच्या त्याच गावात होईल. मंचावर खुर्च्या मांडायच्या तर गाणाऱ्यांसाठी.

सुरतेला दादांकडे पाच प्रती गेल्या. त्यांनी आणखी वीस मागवल्यात, मागावरच्या सोबत्यांसाठी. ओडिया सोबत्यालाही हवीये, त्याला वाचता येत नसली तरी त्यात त्याचा उल्लेख आहे.

२५ जानेवारी

पुढच्या संपादकांसाठी.

सगळी ध्वनिमुद्रणं विभागाच्या संगणकावर आणि वेगळ्या हार्डडिस्कवर आहेत. फाइलच्या नावात गाणारीचं नाव, गाव, तारीख. संमतीचे कागद निळ्या फाइलीत. ज्यांनी तोंडी संमती दिली त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच आहे. ज्यांनी गाणं ऐकवलं पण छापू नका म्हटलं, त्यांच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यात. त्या कुणालाही द्यायच्या नाहीत, अभ्यासासाठी मागितल्या तरी नाहीत, पुन्हा त्यांच्याकडे जाऊन विचारल्याशिवाय.

लेखनाचे नियम दोन पानांत टाइप करून लावलेत. त्यात भर घाला, पण गावाचं रूप पुसून एकसारखं करू नका.

मावची आणि देहवालीचा मजकूर यंदा फारच कमी आला. नवापूर आणि अक्कलकुवा तालुक्यांतून दोघं तरी संपादक मंडळात असल्याशिवाय तो येणार नाही. नुसतं आवाहन पाठवून भागत नाही. आखाजीची गाणी राहिलीत. यंदा अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला आहे, परीक्षा जवळ असतील, म्हणून मार्चमध्येच माणसं आणि गावं ठरवून ठेवा. झोक्यावरची गाणी झोक्यावरच मुद्रित करा, बायका बसून म्हणतात तेव्हा लय बदलते. चाळीसगावच्या दोन बहिणींनी बोलावलंय. त्यांचा निरोप निळ्या फाइलीच्या आतल्या पानावर आहे.